आधी चाक, मग मोटार

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत, आसनगाव स्थानकापासून किंवा माळशेजच्या हमरस्त्यावरून आडगावांकडे वळणाऱ्या वाटा पर्जन्यकाळी खड्ड्यांनी व्यापल्या जात असताना, जुन्या सायकलीस विजेची मोटार जोडू पाहणाऱ्याने प्रथम विचार करावा तो वेगाचा नव्हे, तर चाकांचा. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या आणि इतर विहित अटी पाळणाऱ्या सायकलीस नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे तिच्या मजबुतीची जबाबदारी सर्वस्वी मालकावर येते.

मागील हबमध्ये बसविलेली मोटार स्पोकांना सतत ताण देते, आणि स्वार व सामान यांचा अधिकांश भारही त्याच चाकावर पडतो. म्हणून दुहेरी भिंतीची रिम, ३६ जाड पोलादी स्पोक आणि सुमारे दोन इंच रुंदीचा, खोल नक्षीचा टायर यांत काटकसर करणे सर्वथा अनुचित होय. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत पुरेशी हवा ठेवावी, अन्यथा खड्ड्यात रिम आपटून वाकते; नव्या चाकाच्या स्पोकांचा ताणही थोड्या वापरानंतर कारागिराकडून तपासून घ्यावा.

मोटारीसाठी राखलेल्या रकमेतून चाकांचा खर्च आधी बाजूला काढावा, ही माझी आग्रहाची शिफारस आहे.