कॅन्सर बरा झाला, पुढच्या म्हातारपणाचे काय?

कॅन्सरने गेलेल्या माणसांची नावे तुम्हाला पाठ असतील. पण कॅन्सर होऊनही जगलेली किती माणसे आज तुमच्या गावात आहेत, हे सांगता येईल काय? जरा आठवून बघा. उपरण्याने मान झाकून पारावर बसणारे एखादे आण्णा असतील. एक हात सुजलेला म्हणून दुसऱ्याच हाताने कळशी उचलणारी एखादी काकू असेल. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही म्हणून भाकरी दुधात कुस्करून खाणारे एखादे मामा असतील. गाव त्यांना 'बरा झालेला माणूस' म्हणतो आणि विसरतो. त्यांचा खरा हिशेब तिथून पुढे सुरू होतो.

अशी माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतील गावांसाठी १९८७ मध्ये बार्शीला कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी तपासणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्या अभ्यासात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षातून दिसले. जगभर त्याची दखल घेतली गेली. आता साधा हिशेब करा. सन २००० मध्ये चाळिशीत असलेली बाई आज पासष्टीच्या पुढे आहे. रोगातून वाचलेल्यांचे म्हातारपण आता आपल्या दारात आले आहे.

घरचे म्हणतात, "वय झालंय, चालायचंच." इथेच गफलत होते. वय झालेला माणूस आणि खंगलेला माणूस यांत फरक आहे. डॉक्टर पाच गोष्टी पाहतात : कारण नसताना वजन उतरणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंद होणे आणि हालचाल कमी होणे. यातल्या तीन दिसल्या तर तो माणूस 'फ्रेल' धरतात. साध्या तापाने किंवा न्हाणीघरात पाय घसरल्याने असा माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. केमोथेरपी आणि रेडिएशन शरीराला वयाआधी म्हातारे करतात, त्यामुळे कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला हे लवकर गाठते.

काही गोष्टी तर औषधाने सुधारण्यासारख्या असून अंगावर काढल्या जातात. मानेला रेडिएशन झालेल्यांची थायरॉइड ग्रंथी काही वर्षांनी मंदावू शकते. माणूस सुस्तावतो, त्याला थंडी वाजते, घरचे म्हणतात आळशी झाला. रक्ताची एक तपासणी आणि रोजची एक गोळी एवढाच त्याचा इलाज. जबड्याला रेडिएशन झालेल्यांनी दात काढण्याआधी दंतवैद्याला ते सांगितलेच पाहिजे. नाहीतर जखम भरत नाही आणि हाड कुजू लागते. स्तनाच्या कॅन्सरनंतर बायकांना पाच-पाच वर्षे ज्या हार्मोनच्या गोळ्या देतात, त्यांतल्या काहींनी हाडे ठिसूळ होतात. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला कापूस वेचताना बोंडाचे टोक बोचले किंवा विळा लागला तरी संसर्ग होऊन हात सुजतो. ओटीपोटाला रेडिएशन झालेल्या बाईला वर्षांनंतर लघवीतून किंवा शौचातून रक्त दिसू शकते. रोग उलटला या भीतीने ती कोणाला सांगत नाही, आणि लाजेनेही सांगत नाही.

आता पैशाचे बघू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत कॅन्सरसाठी एकदा दवाखान्यात भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी ठिकाणी २२ हजारांवर आणि खाजगीत ९३ हजारांवर आढळला. त्यानंतर योजना वाढल्या, हे मान्य केले पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे कार्ड मिळते. ऑपरेशन आणि केमो यांचा मोठा बोजा त्यामुळे खरोखर हलका झाला आहे.

पण योजना ही मुळात भरतीची आहे. आयुष्मानमध्ये घरी सोडल्यानंतरची औषधे पंधरा दिवसांपुरती. बरा झालेला माणूस भरती होत नाही, तो दर तीन-सहा महिन्यांनी तपासणीला जातो. बाहेरून केलेली तपासणी, रोजची गोळी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, शहरातला मुक्काम यांतले बहुतेक सारे घरच्या कनवटीतून जाते. पहिल्या वर्षी बैल विकला, दुसऱ्या वर्षी दागिने गहाण पडले आणि तिसऱ्या वर्षी म्हातारा म्हणतो, "आता मला काही होत नाही, कशाला जायचं?" अहो, त्याला होत नाही असे नाही, त्याला पोराचा खर्च दिसतो. काही आजारांसाठी पाठपुराव्याची पॅकेजेसही योजनेत आहेत, तेव्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार घडते. दुखणे आले की म्हातारा घाबरून जमीन पोरांच्या नावे करतो. पुढे तो वाचतो! सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीएम किसानचा हप्ता बंद, पीककर्ज बंद, आणि गोळीसाठी सुनेपुढे हात पसरायचा. वाटणीपत्राची घाई करू नका, एवढेच सांगणे.

आता थोडे कागदांविषयी. हा भाग तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवकांनीही वाचावा (२०२४ मध्ये त्यांची पदनामे बदलली, पण गावाच्या तोंडी जुनीच आहेत). संजय गांधी निराधार योजनेत अपंग आणि विधवा यांच्याबरोबर कॅन्सरसारख्या दुर्धर आजाराने कमावता न येणारेही बसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पासष्टनंतर श्रावणबाळ योजना. दोन्हींत २०२३ मध्ये महिना दीड हजार मिळू लागले. मात्र उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजारांची, म्हणजे महिना साडेसतराशे. आजच्या दिवसात एवढ्यावर घर कसे चालते, हे ती मर्यादा राखणाऱ्यांनी एकदा चालवून दाखवावे.

ज्यांचे स्वरयंत्र काढले आहे त्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-भाषा दिव्यांगत्वाखाली जागा आहे. हात-पाय काढावा लागलेल्यांनाही आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र घेतले की ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी ठेवायच्या पाच टक्के निधीवरही त्यांचा हक्क सांगता येतो. सरपंचांनी यादी पुन्हा तपासावी. गळ्याला भोक असलेला माणूस त्या यादीत सहसा नसतो, कारण तो 'आजारी' म्हणून ओळखला जातो.

प्रवासाचे बरे आहे. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट नाही, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, पण कॅन्सर रुग्णांची चालू आहे. उपचाराला किंवा फेरतपासणीला जाताना स्लीपरला रुग्णाचे भाडे पूर्ण माफ, सोबत्याला पाऊणपट सूट. त्याचा दाखला उपचार करणाऱ्या रुग्णालयातून मिळतो. बरे झालो म्हणून तो मागायचा राहू देऊ नका.

दवापाण्यासाठी बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असावा लागतो.

शेवटी रेशन दुकानदारांसाठी एक गोष्ट. कॅपेसिटाबिन नावाची केमोची गोळी आहे. तिने तळहातांची सालपटे निघतात आणि काही जणांच्या बोटांचे ठसेच पुसले जातात. असा म्हातारा मशीनवर चार वेळा अंगठा लावतो, मशीन नाही म्हणते आणि मागची रांग कुरकुरते. अंगठा उठला नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारता येत नाही, असे केंद्राचे २०१७ चे स्पष्ट आदेश आहेत. त्याला रित्या पिशवीने परत पाठवू नका. दुकानात बसवून घ्या आणि तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकाला फोन लावा.