वेलनेस कोच : गरज की फॅड?

पूर्वी तालमीत वस्ताद असायचे. पोरगा दोन दिवस आला नाही तर घरी निरोप जायचा. आज त्या जागी 'वेलनेस कोच' आलाय. फी भरा, मोबाईलवर डाएट चार्ट घ्या, रोज ताटाचा फोटो पाठवा! हॉस्टेलमध्येही याची चर्चा चालते. हे फॅड आहे की खरंच गरज?

माझ्या मते कोचची गरज आहे, पण माहितीसाठी नाही. काय खावं, किती चालावं हे आपल्याला साधारण ठाऊक असतं. अडतं ते रोज करण्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर आपला संकल्प ही 'ओपन लूप' सिस्टीम असते. एक जानेवारीला इनपुट दिलं, आउटपुट कुणी मोजलंच नाही! कोच म्हणजे फीडबॅक. ठरवलेलं आणि झालेलं यातला फरक तो दाखवतो आणि पुढची पायरी बदलतो.

महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी 55 मिनिटांत. ऋजुता दिवेकर यांनी 2009 च्या पुस्तकात सांगितलं, थोड्या थोड्या वेळाने खा. दोन्ही सल्ले अगदी उलटे, तरी दोघांनाही मानणारे पुष्कळ! मग समान काय? स्पष्ट, पाळता येईल असा नियम. शिवाय डॉ. दीक्षित सुरुवातीलाच रक्ताची तपासणी करायला सांगतात. त्यातली एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. म्हणजे आधी मोजा, मग करा, पुन्हा मोजा. हेच तर आपण प्रॅक्टिकलला शिकतो!

पण एक धोका आहे. कोच म्हणवून घ्यायला डॉक्टरसारखी नोंदणी लागत नाही. जो आधी तुमची झोप, आजार, चालू औषधं विचारतो तो कोच. जो पहिल्याच भेटीत पावडरचा डबा पुढे करतो तो विक्रेता. दमा, थायरॉईड, मधुमेह असेल तर आधी डॉक्टरच. प्रोटीन सप्लिमेंट टाळा, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. घरून येणाऱ्या पैशातून महागडा डबा घ्यायचा आणि मेसचा नाश्ता बुडवायचा, याला काय म्हणावं?

आणि प्रोटीन काय फक्त डब्यातच असतं? 100 ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं आहेत. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधाच्या दुपटीहून जास्त. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तर या दोन्ही पिकांच्या जाती विकसित केल्यात. मेस कमिटीने आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं ठेवावं, ही माझी नम्र सूचना. तोंडं वाकडी करणारे करतील, पण ताटं रिकामी होतील!

राहिला कोच. तो रूम पार्टनरही होऊ शकतो. दोघांनी जोडी करायची. ध्येय मोजता येईल असं हवं. 'बारीक व्हायचंय' हे ध्येय नव्हे. 'आठवड्यातले पाच दिवस 30 मिनिटं भरभर चालणार' हे ध्येय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, हिशोब बरोबर जुळतो. दर रविवारी वहीत बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. चुकला तर टोमणा नको, 'काय आडवं आलं?' एवढंच विचारायचं. जिमखान्याच्या सरांनी महिन्यातून एकदा या वह्या पाहिल्या तर सोन्याहून पिवळं!

याच तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे शाळकरी वयात परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. आपल्याला तेवढं चालायचं नाही. हॉस्टेलपासून आझाद मैदानापर्यंत गेलं तरी सुरुवात होईल. फक्त संध्याकाळी कुणीतरी दारावर थाप मारून 'चल रे!' म्हणायला हवं. ते कुणीतरी आपणच का होऊ नये?