चक्कर आली म्हणून चालणे सोडू नका

फजरची नमाज झाली की नांदेड असो वा लातूर, मैदानांवर चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. साठी-सत्तरीतले कितीतरी बुजुर्ग फेऱ्या मारतात, काही जण बॅडमिंटनही खेळतात. आमचे थोरले मामू त्यांच्यापैकीच. वय 68, रोजच्या चार फेऱ्या कधी चुकल्या नाहीत.

एके दिवशी सजद्यातून उठताना त्यांना भिंती गरगर फिरताना दिसल्या. अर्ध्या मिनिटात सगळे शांत झाले. रात्री कुशीवर वळताना पुन्हा तेच. घरात निदान झाले, "कमजोरी आहे. आता या वयात पळापळ बस झाली." औषधाच्या दुकानातून चक्करची गोळी आली, टॉनिक आले आणि फिरणे बंद झाले. तीन महिने मामू घरात बसून होते. पायांतली ताकद गेली आणि एक दिवस न्हाणीघरात पडून मनगट मोडले. चक्कर अर्ध्या मिनिटाची होती. खरे नुकसान बसून राहिल्याने झाले.

शेवटी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मामूंना टेबलावर झोपवून मान एका बाजूला वळवली, डोळे पाहिले आणि सांगितले, "दोष कानात आहे."

आपला तोल तीन गोष्टी सांभाळतात: डोळे, पायांची व सांध्यांची जाणीव आणि कानाचा आतला भाग. कानात चुन्याचे अतिबारीक खडे असतात. वयानुसार ते कधी जागेवरून सुटतात आणि शेजारच्या नळीत शिरतात. मग मान वाकवली, वर पाहिले किंवा कूस बदलली की घर फिरते. कान आणि तोल यांचे नाते उलगडणारे व्हिएन्नाचे डॉ. रॉबर्ट बारानी यांना 1914 चे नोबेल मिळाले. बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. रुग्णाच्या कानात गार किंवा गरम पाणी सोडले की चक्कर येते, या साध्या निरीक्षणातून त्यांचा शोध सुरू झाला होता.

या आजारावर इलाजही साधा आहे. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांच्या पद्धतीने डॉक्टर मान ठरावीक क्रमाने वळवून खडे मूळ जागी आणतात. पंधरा मिनिटांचे काम. मामूंना दोन वेळा करावे लागले. चक्करची गोळी दोन-चार दिवस ठीक. महिनोन्महिने घेतली तर सुस्ती येते आणि तोल सावरायला वेळ लागतो.

मात्र प्रत्येक चक्कर कानाची नसते. म्हणून घरच्यांनी आधी विचारावे, चक्कर केव्हा येते?

कूस बदलताना किंवा सजद्यात घर फिरत असेल तर बहुधा कान. झोपेतून किंवा खुर्चीवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा मोजून घ्यावा. वरचा आकडा 20 ने उतरला तर डॉक्टरांना दाखवावे. ब्लडप्रेशरच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, कमी पाणी आणि आपल्याकडचा चाळिशी ओलांडणारा उन्हाळा हे सगळे त्यात भर घालतात. वयानुसार तहानही कमी लागते. व्यायाम संपवून एकदम थांबलात तर रक्त पायांत साचते, म्हणून शेवटची पाच मिनिटे हळू चालावे. मधुमेह असेल तर साखर तपासावी आणि तळपायांची जाणीवही. रमजानपूर्वी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

चालताना किंवा खेळतानाच चक्कर आली, छातीत दुखले, शुद्ध हरपली तर खेळ तिथेच थांबवावा आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातापायातले बळ गेले किंवा अचानक चालता येईना, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नये. थेट दवाखाना गाठावा. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

उभे राहणे जमत नसेल तर बसून नमाज पढण्याची सवलत दीनने दिली आहे, ती निःसंकोच घ्यावी. पण इलाज करून घेणे हीसुद्धा सुन्नत आहे. खुर्चीची सवय व्हायच्या आत कारण शोधावे.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील लोकांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम सांगते. भिंतीला हात टेकून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, इतक्यापासून सुरुवात करता येते. घरातल्या अम्मी, खाला, फुफ्फी चक्कर आल्याचे सहसा बोलत नाहीत. त्यांना आपणच विचारावे.

मामू आता पुन्हा मैदानावर जातात. चारऐवजी तीन फेऱ्या, हातात पाण्याची बाटली आणि सोबत नातू. तुमच्या घरात कोणी बुजुर्ग हल्ली फिरायला जात नसतील, तर आजच जवळ बसून कारण विचारा. इन्शाअल्लाह, मार्ग निघेल.