पत्र्याला पत्राच जोडा

पाना-पकड (साप्ताहिक सदर)

जुनी फियाट किंवा पद्मिनी घरच्या शेडमध्ये उभी करून तिला पुन्हा रस्त्यावर आणायचा ध्यास घेतलेली माणसं आपल्या भागात आहेत. सिंदी, बुटीबोरी, सेलू, हिंगणघाट, कुठेही गेलं तरी एखादा भेटतोच. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : आता कोणती मशीन घेऊ? आधी कॉम्प्रेसर की आधी वेल्डिंग? लेथ घरी असावी का? माझं उत्तर त्यांना आवडत नाही. पैसा आधी वायरिंगला आणि चांगल्या वाइसला लावा, मग वेल्डिंगला, आणि रंगाच्या सामानाला सगळ्यात शेवटी हात घाला. या क्रमाबद्दल मी हट्टी आहे. त्याचं कारण गाडीच्या बांधणीतच आहे.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी कित्येक वर्षं निघत राहिली आणि १९७४च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर शौकिनांना पाठ असतो. तिला जीपसारखी वेगळी चासी नाही, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. जीपला खाली पोलादी चौकट असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसते. बॉडी सडली तरी भार चौकट पेलते. फियाटमध्ये फ्लोअर, दाराखालची पोकळ पेटी, खांब आणि छत मिळूनच सांगाडा तयार होतो. अँबेसेडरचंही तसंच. म्हणजे त्या पेटीचा पत्रा सडला की गाडीचं हाडच सडलं.

आणि सडतो तो नेमका तिथेच. चाकांनी उडवलेली काळी माती आत जाऊन बसते, पावसाचं पाणी तिच्यात मुरून राहतं, आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं. त्यावर चालणारा इलाज सगळ्यांनी पाहिलेला आहे : भोकात जाळी कोंबायची, वरून पुट्टी थापायची, घासून रंग मारायचा. गाडी लग्नाच्या वरातीला शोभते. पण पुट्टी भार घेत नाही. त्या गाडीत पोरंबाळं बसवून नागपूरच्या रस्त्याला लागणाऱ्याला आपण कशावर बसलो आहोत हे ठाऊक नसतं. मला हे काम फसवणुकीचं वाटतं, मग ते गॅरेजवाल्याने केलेलं असो की मालकाने स्वतः.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी आता व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. अशी गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. साठच्या दशकातल्या फियाट या नियमात केव्हाच बसल्या आणि पहिल्या पद्मिनीही आता पन्नाशी ओलांडत आहेत. पण चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन बदललेलं चालत नाही, हे नियमातच आहे. मजबुतीच्या नावाखाली खालून चौकोनी पाइप ठोकलेली गाडी तिथे अडचणीत येऊ शकते. जसा पत्रा होता तसाच, तेवढ्याच जाडीचा आणि त्याच घडीचा पत्रा तिथे हवा.

तर हे काम घरी होतं का? होतं. त्यासाठी वाटतात तितक्या मशिनीही लागत नाहीत.

सुरुवात ठोकायच्या सामानापासून करा. सहा इंची जड वाइस जाड लाकडी बाकावर पक्की बसवा. बाक हलला तर सगळी मेहनत बाकच खातो. पत्रा ठोकायच्या दोन-तीन हातोड्या, एक लाकडी मोगरी, मागून आधाराला धरायच्या दोन डॉली, आणि कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या जाड पिशवीत घट्ट भरलेली वाळू. चपटा ठोका देणारी पट्टी विकत घेऊ नका. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा गावातल्या लोहाराकडून वाकवून आणि घासून घ्या. ते पोलाद बाजारातल्या स्वस्त हत्यारापेक्षा सरस असतं. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा उत्तम. मीटरला ५२ किलोच्या रुळाचा एक फूट भरतो जवळपास १६ किलो, आणि त्याचा माथा गोलाई काढायला सुरेख असतो. पण आपण रेल्वेच्या गावचे, म्हणून स्पष्ट सांगतो : तो लिलावाच्या भंगारातून, पावतीसकट घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्यावर १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि लाइनीच्या कडेला पडलेला तुकडा बेवारशी नसतो.

खरा खर्च वेल्डिंगचा. शेतीच्या अवजारांना आणि गेटला चालणारी साधी रॉडची मशीन इथे उपयोगाची नाही. या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. रॉड टेकवला की भोक पडतं. जुने डेंटर गॅसने जोडायचे. त्यांचा जोड मऊ राहायचा, हातोडीखाली छान बसायचा, पण त्या हातांना वर्षानुवर्षांचा सराव होता आणि आच दूरवर पसरून पत्रा लाटा मारायचा धोकाही असायचा. आज घरच्या माणसाने मिग मशीन घ्यावी. घेताना दुकानदार किती अँपिअरपर्यंत जाते ते सांगेल. तुम्ही किती खाली येते ते विचारा. एवढ्या पातळ पत्र्याला ४० ते ६० अँपिअर पुरतात. ३० वर स्थिर चालणारी सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन ही तीन फेजच्या अजस्र मशिनीपेक्षा आपल्या कामाची. तार ०.८ मिलिमीटरची, ०.६ मिळाली तर आणखी बरी. गॅस नुसता कार्बन डायऑक्साइड चालतो, पण ठिणग्या फार उडतात. आर्गॉन मिसळलेला घेतला तर जोड स्वच्छ येतो. बिनगॅसची तार या पत्र्यावर मला पसंत नाही. तिची आच जास्त आणि कचराही जास्त.

मशीन आणण्याआधी मात्र इलेक्ट्रिशियन बोलवा. मीटरपासून शेडपर्यंत स्वतंत्र जाड केबल, स्वतंत्र एमसीबी आणि तपासलेलं अर्थिंग. घराच्या प्लगवरून लांब एक्स्टेन्शन ओढून वेल्डिंग करणाऱ्यांचा जोड कधी धरतो, कधी सुटतो, आणि दोष मशीनला मिळतो. दोष केबलीत पडणाऱ्या व्होल्टेजचा असतो.

आता प्रत्यक्ष काम. दाराखालची पेटी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पट्ट्या तात्पुरत्या जोडून ती बांधून घ्या, आणि गाडी चाकांवर समपातळीत ठेवा. हे न करता कापलं तर मधला भाग नकळत खचतो, आणि नवा पत्रा बसल्यावर दार लागत नाही. तोवर सगळं पक्कं झालेलं असतं. सडलेला भाग चकचकीत धातू लागेपर्यंत मागे कापा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. फट तारेएवढीच राहील असं कानशीने जुळवा. मग एक टाका इथे, दुसरा पार पलीकडच्या टोकाला, तिसरा मध्ये. दोन टाक्यांमध्ये हात लावून पाहा; चटका बसत असेल तर थांबा. कुठे भोक पडलंच तर मागे तांब्याचा चपटा तुकडा दाबून धरा. वितळलेलं पोलाद तांब्याला चिकटत नाही, भोक निमूट भरतं.

एवढी सावधगिरी का, हे आपल्या बंडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. लोहार धाव लालबुंद तापवतो, ती फुगते, लाकडी चाकावर बसते, पाणी पडताच आवळते आणि आरे करकचून धरते. वेल्डिंगचा प्रत्येक टाका निवताना तसाच आवळतो, पण इथे तो आजूबाजूचा सपाट पत्रा स्वतःकडे ओढतो. सलग रेघ ओढत गेलात तर पत्र्याची पन्हळ होते. म्हणून टाके विखरून टाकायचे, आणि निवल्यावर जोड डॉलीवर धरून हातोडीने हलकेच ठोकून आवळलेला धातू पुन्हा मोकळा करायचा. हाच गुण उलट्या बाजूनेही कामाला येतो : ठोके बसून ताणलेला, दाबला की टपकन आतबाहेर होणारा पत्रा एका ठिपक्यावर तापवून निववला की ताठ होतो.

आपल्या हवेचीही एक गोष्ट. मिगचा गॅस मिनिटाला आठ-दहा लिटर, म्हणजे अगदी संथ वाहतो. समोर कूलर किंवा पंखा चालू असेल तर तो उडून जातो आणि जोडाला बारीक छिद्रं पडतात. मे महिन्यात कूलर बंद करून मुखवटा घालून बसणं ही शिक्षा आहे, म्हणून वेल्डिंग पहाटे उरका. कूलरच्या दमट हवेत उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो. घासला त्याच दिवशी प्राइमर लावा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा जोडू नका, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. ग्राइंडरचं कव्हर काढू नका आणि सैल गमछा गळ्यात ठेवून तो चालवू नका. गंज उडवायला नदीची वाळू कॉम्प्रेसरने मारणं तर कुणीच करू नये. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. तारेचा ब्रश आणि फ्लॅप डिस्क पुरेशी आहे.

इंग्लिश व्हील, बीड रोलर, लेथ यांबद्दल विचारणाऱ्यांना सांगतो की एका गाडीसाठी ती घेऊ नका. फियाटचं छत नव्याने घडवायचं नसतं. तळाचा आणि कडांचा पत्रा बदलायचा असतो, तो वाइस, लाकडी ठोकळे आणि मोगरीने वळतो. लांब सरळ घड हवी असेल तर कूलर किंवा कपाटं बनवणाऱ्याच्या प्रेसवर मारून मिळते. बुश आणि पिना लेथवाल्याकडून करून घ्या.

वाचलेल्या पैशांतून एक खर्च जरूर करा. पद्मिनी टॅक्सीच्या जमान्यात ज्यांनी रोज दारं ठोकली असे डेंटर अजून आहेत, पण त्यांच्याकडे आता शिकायला कुणी येत नाही, कारण नव्या गाड्यांचा पत्रा ठोकत नाहीत, बदलतात. असा एक कारागीर शोधून त्याची काही दिवसांची मजुरी द्या, त्याला शेडमध्ये बोलवा, आणि हातोडी तुमच्या हातात ठेवून त्याला शेजारी उभं करा. आयटीआयमध्ये वेल्डर किंवा शीट मेटल शिकणारं एखादं पोरगं ओळखीचं असेल तर त्यालाही बोलवा. मशिनीची ऑर्डर त्यानंतर द्या. यादीतली निम्मी नावं तोवर तुम्ही स्वतःच खोडलेली असतील.

— सिंदीकर