व्याख्यान घरी, प्रात्यक्षिक वॉर्डातच

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



नोकरी सांभाळून एम.एस्सी. नर्सिंग ऑनलाइन करता येईल का, असे एखाद्या परिचारिकेने विचारले तर आज तिला एका शब्दात उत्तर मिळते : नाही. कायद्याने ते बरोबर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांनी वैद्यक, दंतवैद्यक, फिजिओथेरपी यांच्याबरोबर परिचर्येचे अभ्यासक्रमही दूरस्थ आणि पूर्ण ऑनलाइन पद्धतीतून वगळले. ही बंदी उठवा, असे माझे म्हणणे नाही, ती राहावी. पण पूर्ण ऑनलाइन पदवी नको म्हणून त्या पदवीतला प्रत्येक तास वर्गात बसूनच भरला पाहिजे, हे त्यातून निघत नाही. या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे आणि ती वापरण्यासाठी आपल्या विद्यापीठाने पुढाकार घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

भारतीय परिचर्या परिषदेचा प्रचलित आराखडाच पाहू. दोन वर्षांत थिअरीचे ९०० तास आणि प्रात्यक्षिकाचे २५०० तास, म्हणजे एकूण ३४००. थिअरी साधारण चौथा हिस्सा. पहिल्या वर्षी ‘परिचर्या शिक्षण’ या विषयाला १५० तास थिअरी आणि तेवढेच प्रात्यक्षिक आहे. निवडलेल्या विशेष शाखेला दोन वर्षांत मिळून प्रात्यक्षिकाचे १६०० तास आहेत. अध्यापनाची तत्त्वे, पाठ नियोजन, प्रश्नपत्रिकेचा आराखडा, क्लिनिकल रोटेशनचे वेळापत्रक, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र हे सारे व्याख्यान, वाचन आणि चर्चा यांतून शिकायचे विषय. ते पडद्यावर नीट शिकवता येतात. केंद्राच्या ‘स्वयम्’ मंचावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्येच दिली आहे. म्हणजे देशाच्या उच्च शिक्षणात ही वाट रुळलेली आहे. परिचर्येपुरती ती कशी आखायची, एवढेच ठरवायचे आहे.

याची गरज कोणाला आहे, ते मुंबईच्या उपनगरांत पाहिले की स्पष्ट होते. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी, मुलुंडचे अग्रवाल ही पालिकेची रुग्णालये आणि अंधेरी-मुलुंडची मोठी खासगी रुग्णालये यांत दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या परिचारिका आहेत. एम.एस्सी.च्या प्रवेशाला अनुभवाची अट एका वर्षाची. यांच्याकडे त्याच्या दसपट अनुभव आहे. पण अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. सरकारी वा पालिका सेवेत असेल तर अध्ययन रजेची वाट पाहायची, खासगी रुग्णालयात असेल तर राजीनामा द्यायचा. घराचा हप्ता आणि मुलांची फी डोक्यावर असताना दोन वर्षांचा पगार सोडणे फार थोड्या जणींना जमते. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा फिरत्या ड्युटीत बोरिवलीहून चर्चगेटपर्यंत जाऊन रोज वर्ग गाठणेही शक्य नाही. परिणामी ज्या अधिपरिचारिका आणि परिसेविका उत्तम शिकवू शकतील, त्यांच्यापैकी बहुतेकजणी शिक्षकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचतच नाहीत.

आणि शिक्षक तर हवेच आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी परिचर्या महाविद्यालये मंजूर केली. दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर तयार व्हावेत, हा हेतू. म्हणजे एका महाविद्यालयात वर्षाला साधारण शंभर, चार वर्षांचे मिळून चारशे विद्यार्थी. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, या परिषदेच्या निकषाने हिशेब केला तर केवळ या महाविद्यालयांना सहा हजारांहून अधिक शिक्षक लागतील. इमारती निधीतून उभ्या राहतात. शिक्षक तसे उभे राहत नाहीत.

पहिला आक्षेप उघड आहे : नर्सिंग पडद्यावर शिकता येत नाही. मान्य. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी प्रथमच राइल्स ट्यूब घालते तेव्हा शिक्षिकेचा एक डोळा तिच्या हातांवर आणि दुसरा रुग्णाच्या चेहऱ्यावर असतो. रुग्णाला ठसका लागला, ओठ निळसर दिसले, की कुठे थांबायचे हे शिक्षिकेला त्याच क्षणी सांगावे लागते. विद्यार्थिनीची चूक रुग्णासमोर न रागावता सुधारायची, हेही शिक्षिका होऊ पाहणाऱ्या परिचारिकेला तिथेच शिकावे लागते. हे कौशल्य व्हिडिओ पाहून येत नाही. म्हणूनच प्रात्यक्षिकाचा एकही तास कमी करू नये. उलट व्याख्यानांसाठी होणारा प्रवास वाचला तर वॉर्डातल्या तासांसाठी अधिक वेळ हाती राहील.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रोजची ड्युटीच प्रात्यक्षिक म्हणून लॉगबुकात भरली जाईल आणि पदवी कागदी होईल, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय नियमांतच हवा : प्रात्यक्षिक स्वतःच्या वॉर्डात नव्हे, तर संलग्न महाविद्यालयाने ठरवलेल्या दुसऱ्या विभागात, नेमलेल्या मार्गदर्शकाची सही, पगारी ड्युटीचे तास त्यात धरायचे नाहीत, आणि लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा विद्यापीठाच्या केंद्रावर प्रत्यक्ष. अभ्यासक्रम तीन वर्षांचा केला, तरी २५०० तासांसाठी आठवड्याला सुमारे सतरा तास, म्हणजे दोनेक शिफ्ट द्याव्या लागतील. नोकरीच्या वर हे कोणालाही झेपणार नाही. म्हणून रुग्णालयाने त्या शिफ्टमधून तिला मोकळे करावे आणि बदल्यात काही वर्षे सेवेचे बंधपत्र घ्यावे.

तिसरा आक्षेप पदव्यांच्या दुकानांचा. ती दुकाने अधिकृत मार्ग बंद असतो तिथेच चालतात. मान्यता नसलेली पदवी घेऊन पैसे आणि वर्षे गमावण्यापेक्षा विद्यापीठाच्या तपासणीखालचा मार्ग केव्हाही बरा. शिवाय नोकरीतल्या परिचारिकांसाठी दूरशिक्षण आपल्या देशाला नवे नाही. इग्नूने नव्वदच्या दशकातच पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि प्रात्यक्षिके परिचर्या महाविद्यालयांतल्या केंद्रांवर ठेवली. अमेरिकेत परिचर्या शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ऑनलाइन घेता येते. पण तिथेही परवानाधारक परिचारिकेलाच प्रवेश मिळतो आणि प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव चुकत नाही.

विद्यापीठ एकट्याने हा अभ्यासक्रम बदलू शकत नाही, याची जाणीव आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविकी आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. निकष त्या चौकटीत ठरतील. पण निकष ठरत असतानाच प्रस्ताव द्यायचा असतो. म्हणून विनंती अशी : थिअरीचे ९०० तास ऑनलाइन, प्रात्यक्षिकाचे सर्व २५०० तास प्रत्यक्ष, असा तीन वर्षांच्या एम.एस्सी. नर्सिंगचा मसुदा विद्यापरिषदेपुढे ठेवावा. उपनगरांतली पालिकेची आणि खासगी मिळून काही रुग्णालये निवडून एका तुकडीवर तो प्रयोग करण्याची परवानगी मागावी. आणि त्या तुकडीचे परीक्षेचे निकाल नियमित तुकडीच्या शेजारी ठेवून जाहीर करावेत. निकाल कमी पडले तर योजना खुशाल बंद करा. पण अनुभवी परिचारिकेला परीक्षेला बसण्याची संधीच न देता नापास ठरवू नका.

कळावे,
आपला नम्र,
अंधेरीचा एक रहिवासी