तेल नको, चहा नको, पण गोळ्या सांगा!

टिटवाळ्याहून रोज लोकल पकडणाऱ्याला बसल्या जागी झोपायला शिकवावं लागत नाही. आमचे बाबा त्यातले मास्टर! आंबिवली यायच्या आत घोरणं सुरू. परतताना तर दोनदा थेट आसनगावला जागे झाले. घरात यावर भरपूर जोक्स व्हायचे. मग एका रात्री आईने पाहिलं, घोरणं मध्येच थांबलं आणि श्वाससुद्धा. थोड्या वेळाने बाबा गुदमरल्यासारखे दचकून उठले. जोक्स बंद.

डॉक्टरांनी स्लीप स्टडी सांगितली. म्हणजे एक रात्र तिथे झोपायचं आणि मेंदूच्या लहरी, श्वास, हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन असं सगळं मोजून घ्यायचं. श्वास तासाला ५ पेक्षा कमी वेळा अडखळला तर नॉर्मल, ३० च्या वर गेला तर मामला सीरियस.

तयारी सोपी वाटली. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, दिवसा डुलकी नाही, ड्रिंक्स तर नाहीच. डोक्याला इलेक्ट्रोड्स चिकटवतात, म्हणून केस शांपूने धुवायचे, तेल-जेल काही नाही. (आईची शनिवारची चंपी कॅन्सल!) आणि हो, सगळ्या गोळ्यांची यादी.

मी लिहिलं : बीपी, कोलेस्टेरॉल. आई गप्प. मग मसाल्याच्या डब्यामागून तिने एक स्ट्रिप काढली. अल्प्राझोलाम.

"अगं, त्यांना शांत झोप लागावी म्हणून अर्धी देते. शेजारच्या काकूंनी दिली. सहा महिने झाले."

मी हादरलेच. २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायचीच नाही. वर ती घशाचे स्नायू सैल करते, म्हणजे ज्याचा श्वास आधीच अडतोय त्याचा आणखी अडणार! मी स्ट्रिप कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. ते म्हणाले, "एकदम बंद करू नका." रोजची गोळी अचानक थांबवली तर झोप उडते, घाबरायला होतं, क्वचित फिटसुद्धा येते. डोस हळूहळू कमी करू, टेस्ट नंतर. बीपीची मात्र चालूच ठेवायची.

तुमच्या घरीही कुणी घोरत असेल, तर टेस्टआधी गोळ्यांचे डबे उघडा. सर्दीची, डिप्रेशनची, शेजाऱ्यांनी दिलेली, सगळ्या लिहा. कुठली घ्यायची, कुठली थांबवायची, ते डॉक्टर ठरवतील. आपण नाही, आणि काकू तर नाहीच नाही.