चार पिनांचा प्रश्न

कर्जत तालुक्यातल्या मिरजगावात काय, नगरमध्ये काय, बंद पडलेला राउटर दुकानात नेला की निकाल बहुधा ठरलेला: ‘डेड आहे, नवाच घ्या.’ त्यात नवा लिनक्स कर्नल टाकायला गेलेल्या पोराला तर वर घरच्यांची बोलणी. वस्तुतः असा डबा सहसा मेलेला नसतो, मुका झालेला असतो.

झाकण काढा. बोर्डाच्या कडेला सीरियल पोर्टच्या चार पिना दिसतील, नाहीतर नुसती भोके. ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल घेऊन ग्राउंड, टीएक्स, आरएक्स एवढेच जोडायचे. चौथी, वीजपुरवठ्याची पिन मोकळी. (५ व्होल्ट लावलेत तर मात्र खरोखर डेड.) वेग बहुधा ११५२०० बॉड. संगणकाच्या पडद्यावर बूटलोडर, म्हणजे कर्नल चढवणारा छोटा प्रोग्राम, बोलू लागतो. ‘स्टार्टिंग कर्नल’ म्हणून पुढे चिडीचूप झाले, तर कर्नल चुकीच्या पत्त्यावर उतरला, किंवा डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचे वर्णन) दुसऱ्याच बोर्डाचा, किंवा कन्सोलचे नाव चुकले. रूट फाइल सिस्टिम सापडत नाही अशी ओरड आली, तर खुशाल चहा घ्या: कर्नल उठलाय, बहुधा फ्लॅशमधल्या कप्प्यांचा हिशेब तेवढा चुकलाय. शहाणा माणूस नवा कर्नल आधी टीएफटीपीने नेटवर्कवरून आणून रॅममध्येच चालवून बघतो. फ्लॅशवर लिहिताना वीज गेली तर काय, हे कर्जत तालुक्यात वेगळे सांगायला नको.

पण यातले बरेचसे सोर्स कोड हाती असेल तरच जमते. लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याखाली आहे. तो डब्यात घालून विकणाऱ्याने सोर्स, बांधणीच्या स्क्रिप्टसह, द्यायचाच असतो. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा कोड २००३ मध्ये लोकांच्या रेट्यामुळे खुला झाला, आणि त्याच्या पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. आजही कित्येक कंपन्या कोड मागितला की गप्प बसतात, काही बूटलोडरलाच कुलूप घालतात. अपडेट बंद करायला मात्र कुणाला मुहूर्त लागत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढले. शेतीची अवजारे, मोबाईल, गाड्या त्यात आल्या. चांगलेच झाले. पण सरकारची वाट बघत बसायचे कारण नाही.

ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था राउटर घेतातच. दरपत्रक मागवताना किंमत आणि वॉरंटीच्या खाली आणखी तीन ओळी घालाव्यात: सोर्स कुठे मिळेल, बूटलोडर खुला आहे का, अपडेट किती वर्षे येतील. विक्रेता ‘कंपनीला विचारून सांगतो’ म्हणाला, तर तोवर ऑर्डर थांबवावी.